कॉम्प्युटरवरची एआयची बटणं: ठेवायची कुठली, उडवायची कुठली

गेल्या दोनतीन वर्षांत कॉम्प्युटरवर जिथे म्हणून चार बोटं मोकळी जागा होती तिथे कुणीतरी एआयची एक चमचमती चांदणी आणून बसवलीये. नोटपॅडमध्ये चांदणी, पेंटमध्ये चांदणी, जीमेलमध्ये तर आहेच, पीडीएफ उघडली की "सारांश हवाय का" म्हणून पट्टी, ब्राउझरच्या कोपऱ्यात अजून एक, आणि नवीन लॅपटॉप असेल तर थेट कीबोर्डवरच, कारण मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये कोपायलट या आपल्या एआय मदतनिसाचं स्वतंत्र बटणच जाहीर केलं. विंडोजचं बटण १९९४ चं, त्यानंतर कीबोर्डात झालेला हा पहिला मोठा बदल. आणि जागा कुणाची गेली, तर बहुतेक लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलची नाहीतर मेनूच्या बटणाची, म्हणजे ज्यांना उजवा कंट्रोल आणि पी असं एका हाताने प्रिंट द्यायची सवय होती ते बसलेत चाचपडत.

माझं काम डीटीपीचं. दिवसभर अर्ज, करारनामे, सोसायटीच्या नोटिसा, लग्नपत्रिका, मधेच कुणाची तरी एक्सेल शीट. त्यामुळे एआय चांगलं की वाईट या वादात मला फारसा रस नाही, मला एवढंच बघायचं असतं की हे बटण दाबून काम उरकतं की वाढतं. काहींनी खरंच उरकतं, बरीचशी नुसती जागा अडवतात. तर कुठलं कुठल्या खात्यात टाकायचं आणि नको ते बंद कुठून करायचं ते सांगतो.

कसोटी एकच

एआयने जे काही काढून दिलं ते बरोबर आहे का हे बघायला लागणारा वेळ, ते काम हाताने करायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी आहे का? कमी असेल तर बटण ठेवा. तपासायला पुन्हा मूळ सगळं वाचावंच लागणार असेल तर त्या बटणाचा उपयोग फक्त आपण काहीतरी आधुनिक केलं असं वाटण्यापुरता. आणि तपासताच येत नसेल, म्हणजे बरोबर काय ते आपल्याला माहीतच नाही आणि कुठे बघायचं तेही माहीत नाही, तर हात लावू नका. पानटपरीवर पत्ता विचारला तर "माहीत नाही" असं सहसा कुणी म्हणत नाही, कुठेतरी हात दाखवतात, तशी या एआय चॅटवाल्यांची गत आहे, दिशा ठामपणे दाखवणार आणि घर सापडेलच असं नाही.

ही कसोटी लावली की एक गंमत लक्षात येते. जी कामं खरंच उपयोगाची आहेत त्यातल्या बऱ्याच ठिकाणी चांदणी नाहीच. मेलचा स्पॅम फिल्टर घ्या, बरीच वर्षं मुकाट्याने काम करतोय, कुणी त्याची जाहिरात केली नाही. फोनच्या गॅलरीत चेहऱ्यावरून फोटो शोधणं तसंच. आणि एक्सेलमधलं फ्लॅश फिल, ते तर अर्ध्या लोकांना अजून माहीत नाही.

फ्लॅश फिल एकदा करून बघाच

समजा ए कॉलममध्ये सातआठशे सभासदांची नावं आहेत, प्रत्येक खान्यात आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असं एका ओळीत, आणि वरच्या ऑफिसला हवंय नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बी कॉलममध्ये पहिल्या ओळीत हवं तसं नाव स्वतः टाइप करा, एंटर मारा, खालच्या खान्यात जाऊन कंट्रोल आणि ई दाबा. सगळी यादी खालपर्यंत भरते. हे एक्सेल २०१३ पासून आहे, मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या सुमित गुलवानी यांच्या कामातून आलंय, उदाहरण दाखवलं की त्यावरून नियम ओळखायचा अशी त्याची पद्धत. इंटरनेट लागत नाही, चॅट करावं लागत नाही, पैसे तर नाहीच.

आता तपासायचं कसं, तर सगळी नावं वाचायची नाहीत. चुकणार ती ठरलेली असतात, ज्यांचं वडिलांचं नाव लिहिलेलंच नाही ते, ज्यांच्या आडनावात दोन शब्द आहेत ते, आणि जिथे कुणीतरी दोनदा स्पेस मारलीये ते. तेवढ्याच ओळी फिल्टरने काढून बघा. आणि हा फॉर्म्युला नाही हे विसरू नका, नंतर ए मध्ये दुरुस्ती केली तर बी आपोआप बदलत नाही.

याच एक्सेलमध्ये ऑगस्ट २०२५ पासून कोपायलट नावाचं फंक्शन येऊ लागलं, खान्यात बरोबरचं चिन्ह टाकून साध्या भाषेत सांगायचं की हे कर. पण मायक्रोसॉफ्टनेच सोबत लिहून ठेवलंय की आकडेमोडीसाठी आणि जिथे अचूक उत्तर हवंय तिथे हे वापरू नका. आता एक्सेल माणूस उघडतो कशासाठी! ग्राहकांच्या प्रतिक्रिया चांगल्या-वाईट अशा वेगळ्या करणं वगैरे कामाला ते ठीक असेल. हिशेबासाठी उलटा रस्ता धरा, बेरीज एआयला करायला सांगू नका, फॉर्म्युला लिहून मागा. "सी कॉलममध्ये महिना आहे, डी मध्ये रक्कम, फक्त एप्रिलची बेरीज हवी" एवढं सांगितलं की फॉर्म्युला मिळतो, तो आपण टाकायचा, चार ओळींवर हाताने पडताळायचा, मग शीटवर सोडायचा. आकडेमोड एक्सेलच करतं, ती दरवेळी तीच येते.

बोलून टायपिंग, हे मात्र आपल्यासाठी सोनं आहे

इंग्रजीवाल्यांना याचं तितकं कौतुक नसेल, कारण त्यांचा कीबोर्ड त्यांच्याच लिपीचा. मराठीत टाइप करायचं तर इनस्क्रिप्ट शिका नाहीतर फोनेटिकने जोडाक्षरांशी झगडा, आणि आपल्याकडे साठीतली माणसं, ज्यांच्याकडे लिहिण्यासारखं खूप असतं, ती तिथेच अडतात. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी बोलून टाइप करायची सोय दिली आणि ती आता बऱ्यापैकी मुरलीये.

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग, डावीकडे माइकचं चित्र येईल, त्याच्या वर भाषा असते ती मराठी करा, मगच माइक दाबा. लॅपटॉपचा माइक पंख्याचा आवाजपण घेतो, त्यापेक्षा मोबाइलचे साधे वायरवाले इयरफोन लावा. एकेक शब्द तोडून बोलू नका, पूर्ण वाक्य नेहमीच्या वेगात बोला, कारण तो मागचापुढचा शब्द बघून ठरवतो की "पाणी" म्हणाला की "पानी". स्क्रीनकडे बघत बोलू नका, चूक दिसली की माणूस थांबतो आणि मग पुढचं सगळं बिघडतं. पूर्णविराम, परिच्छेद हे नंतर हाताने टाकायचे असं धरूनच चाला.

बोलून झालं की वाचताना नजर कुठे ठेवायची? शुद्धलेखन नंतर, आधी आकडे. आपले आकडे बोलायला वळणदार आहेत, पावणेदोन लाख, सव्वातीनशे, साडेसातशे, अडीच गुंठे, यातलं काय अक्षरात येईल, काय अंकात येईल आणि काय भलतंच येईल ते सांगता येत नाही. एकोणसाठ आणि एकोणसत्तर या जोडीवर तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. करारनाम्यात गट नंबर, क्षेत्र, रक्कम बोलायचीच नाही, तिथे बोलताना "रिकामी जागा" म्हणायचं आणि नंतर कीबोर्डने आकडा भरायचा. दुसरं म्हणजे गावांची आणि माणसांची नावं. तिसरं न आणि ण. बाकी मजकूर चांगला येतो, तीन पानांचं मनोगत एखादे आजोबा अर्ध्या तासात सांगून मोकळे होतात आणि त्यांच्याच शब्दांत, मधे कुणी लेखनिक आपली भाषा घुसडत नाही.

जुन्या फॉन्टच्या फायली

हे दुखणं फक्त आपल्याकडचं. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी, सुरेख असल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं काम महाराष्ट्रात ढिगाने पडलंय, स्मरणिका, घटना-नियमावल्या, इतिवृत्तं. स्क्रीनवर ती मराठी दिसते पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. कॉपी करून दुसरीकडे टाकलं की डॉलर, कंस आणि अर्धवट अक्षरांची खिचडी. आता अशी पीडीएफ उघडून वरच्या पट्टीतल्या "सारांश" वर क्लिक केलं तर ते बटण ती खिचडी वाचायला जातं. कधी सरळ हात वर करतं, ते बरं. कधी दोनचार ओळखीच्या शब्दांवरून छान वाटणारा सारांश रचून देतं, ते वाईट.

म्हणून आधी ते युनिकोडमध्ये, म्हणजे खरी मराठी अक्षरंच साठवणाऱ्या पद्धतीत, करून घ्या. कुठला फॉन्ट आहे ते माहीत असेल तर कन्व्हर्टर मिळतात आणि ते सगळ्यात बरे, कारण तिथे अंदाज नसतो, अक्षराला अक्षर बदलतं. फॉन्ट माहीत नसेल किंवा फक्त छापील प्रत असेल तर पानाचा सरळ, सावली न पडलेला फोटो काढा, गूगल ड्राइव्हवर टाका, त्यावर राइट क्लिक करून ओपन विथ, गूगल डॉक्स. वर फोटो आणि खाली मजकूर असं पान उघडतं, शेजारी ठेवून तपासता येतं, म्हणजे आपल्या कसोटीला एकदम पास. तक्ते मोडतात, ते हाताने. रफार आणि अर्धा र बघा, घ आणि ध बघा. स्वच्छ छापील पान असेल तर टायपिंगपेक्षा कितीतरी लवकर होतं, हस्तलिखिताला मात्र फार आशा ठेवू नका.

सारांश: बघून वापरा

सारांशाचं बटण सगळ्यात जास्त पुढे पुढे करतं आणि कसोटीत सगळ्यात जास्त नापास तेच होतं, कारण काय गाळलं हे कळायला मूळ वाचायलाच लागतं. शासन निर्णयाचं उदाहरण घ्या. वर "वाचा" म्हणून जुन्या निर्णयांची यादी, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय, मग अटी. माणसाला लाभ मिळणार की नाही हे ठरतं कुठल्यातरी अटीतल्या "परंतु" ने, आणि सारांश करताना नेमका तो "परंतु" उडतो. त्यामुळे "याचा सारांश दे" असं विचारायचंच नाही. विचारायचं असं: "अर्ज करायची शेवटची तारीख कुठल्या परिच्छेदात आहे, ते वाक्य जसंच्या तसं दे." मग कंट्रोल एफ ने तेच वाक्य मूळ फाइलमध्ये शोधायचं. सापडलं तर ठीक, नाही सापडलं तर ते त्याने रचलंय.

रचतं म्हणजे काय याचं ताजं उदाहरण आपल्याच हायकोर्टातलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आकारणी आदेश रद्द करून परत पाठवला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. एआयच्या जमान्यात सिस्टीमने दिलेल्यावर लोक विसंबून राहतात, पण वापरण्याआधी पडताळायलाच हवं, असं कोर्टाने सुनावलं. आकारणी कोट्यवधींची होती, म्हणजे कंट्रोल एफ चे दोन मिनिट कुणीतरी वाचवले.

गूगलवर वर जे आयतं उत्तर येतं तेही सारांशच. मे २०२४ मध्ये अमेरिकेत सुरू झालं तेव्हा पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून गोंद घाला असा सल्ला त्याने दिला होता, मूळ होतं कुणीतरी चेष्टेत लिहिलेलं जुनं वाक्य. भारतात ते ऑगस्ट २०२४ मध्ये आलं. आता बरंच सुधारलंय, पण फॉर्मची फी, शेवटची तारीख, कस्टमर केअरचा नंबर या तीन गोष्टी तिथून उचलू नका, कस्टमर केअरचा तर अजिबात नाही. सर्चच्या निकालांवर ऑल, इमेजेस अशी जी ओळ असते तिच्यात, कधी "मोअर" च्या आत, "वेब" असं आहे, त्यावर क्लिक केलं की नुसत्या साध्या लिंका येतात, जुन्या गूगलसारख्या.

चॅट कुठे कामाचं आहे

ज्या सेटिंगचं नाव माहीत नाही तिथे. कॉम्प्युटरचे मेनू हे ज्याला आधीच माहीत आहे त्याच्यासाठी बनवलेले असतात. माणसाला लक्षण माहीत असतं, "स्क्रीन पिवळी दिसतेय", "पान नंबर तिसऱ्या पानापासून एक असा सुरू करायचाय", आणि औषधाचं नाव नाइट लाइट किंवा सेक्शन ब्रेक आहे हे त्याला कोण सांगणार. असं लक्षण मराठीत लिहून विचारा, सोबत "वर्ड २०१६" किंवा "विंडोज ११" असं व्हर्जन नक्की सांगा, नाहीतर नसलेल्या मेनूतून फिरवून आणेल. इथे तपासणी फुकट आहे, पान नंबर आला म्हणजे आला.

पण जे दोन क्लिकमध्ये होतं ते वाक्य लिहून करवून घेण्यात काय हशील? ब्राइटनेस कमी करायला निबंध लिहायचा नसतो. ऑफिस ९७ मध्ये तो डोळे मिचकावणारा पेपरक्लिपच्या रूपातला मदतनीस होता आठवतंय का, पत्र लिहायला घेतलं की "पत्र लिहिताय वाटतं" म्हणून टपकायचा. २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये तो मुळातच बंद ठेवून दिला आणि २००७ मध्ये काढूनच टाकला. त्याचा गुन्हा अक्कल कमी हा नव्हता, मधे बोलणं हा होता. आताच्यांना अक्कल आलीये, मधे बोलायची खोड तशीच आहे.

आता उडवायचं कसं

कोपायलटचं ॲप साध्या ॲपसारखं निघतं, सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, तिथे कोपायलट शोधून अनइन्स्टॉल. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, कोपायलट, आणि "एनेबल कोपायलट" ची टिक काढा, एक्सेलमध्ये पुन्हा वेगळी काढावी लागते. नोटपॅडमध्ये वरच्या चक्राच्या चित्रावर जाऊन आत स्विच आहे. कीबोर्डवरच्या बटणासाठी सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टेक्स्ट इनपुट, तिथे त्याला सर्चवर लावता येतं, उजवा कंट्रोलच परत हवा असेल तर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज नावाचं फुकट टूल आहे, त्याच्या कीबोर्ड मॅनेजरमधून बऱ्यापैकी जमतं. जीमेलमध्ये सेटिंग्जच्या जनरलमध्ये स्मार्ट फीचर्सची टिक आहे, पण थांबा, ती काढली की प्रमोशन्स, सोशल हे वेगळे टॅबपण जातात आणि सगळ्या जाहिराती इनबॉक्समध्ये येऊन पडतात. चांगलं आणि नकोसं एकाच दोरीला बांधून ठेवलंय, मुद्दाम की कसं ते तुम्हीच ठरवा.

विंडोजमधल्या रिकॉलबद्दल लोक घाबरून विचारतात. दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवणारं हे फीचर मे २०२४ मध्ये जाहीर झालं, आरडाओरडा झाल्यावर लांबलं आणि एप्रिल २०२५ मध्ये आलं, ते आपण स्वतः चालू केलं तरच चालू होतं असं करून. शिवाय ते फक्त कोपायलट प्लस लॅपटॉपवर, ज्यात ४० टॉप्स वेगाचा एनपीयू (एआयच्या कामाची वेगळी चिप) आणि १६ जीबी रॅम लागते. तुमच्या नेहमीच्या मशीनवर ते नाहीच. त्याच अनुषंगाने, दुकानदार "एआय लॅपटॉप" म्हणून जास्त पैसे सांगत असेल तर एवढं लक्षात घ्या की चॅट, बोलून टायपिंग, ड्राइव्हवरचं फोटोतून मजकूर काढणं ही सगळी कामं कंपनीच्या सर्व्हरवर होतात, त्याला एनपीयू लागत नाही. तो पैसा रॅममध्ये घाला.

आणि सर्व्हरवर होतात म्हणूनच गिऱ्हाइकाचं आधार, पॅन, खरेदीखत, मेडिकल रिपोर्ट कुठल्याही चॅटमध्ये टाकायचे नाहीत. अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ ला आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असली टूल वापरू नका म्हणून परिपत्रक काढलं, ते उगाच नाही. त्याहून जपायचं ते स्वतःहून क्लिक करणाऱ्या एआय ब्राउझरला. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्ह या ब्राउझर कंपनीच्या लोकांनी दाखवून दिलं की वेबपेजवरच्या एका कमेंटमध्ये लपवून ठेवलेल्या सूचना कॉमेट हा असलाच एआय ब्राउझर मालकाचा हुकूम समजून पाळतो, सारांश मागितला तर तो मेल उघडून ओटीपी काढून देऊ शकत होता. ती फट बुजवली म्हणतात, पण पान वाचणाराच पानाचं ऐकायला लागला तर नवी फट पडायला वेळ लागत नाही. असला ब्राउझर वापरून बघायचाच असेल तर वेगळ्या युजरवर, जिथे बँक आणि मेल लॉगिन नाही.

राहिला पैशाचा भाग. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं घरगुती सबस्क्रिप्शन रिन्यू करताना रक्कम वाढलेली दिसली तर त्यात कोपायलट घातलेलं असतं. त्याशिवायचा "क्लासिक" प्लॅन जुन्या ग्राहकांसाठी ठेवलाय, पण तो समोर मांडलेला नसतो, ऑस्ट्रेलियात तर हा पर्याय लपवला म्हणून तिथल्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं. अकाउंटमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन कॅन्सल करायला घ्या, शेवटचं बटण न दाबता पुढे पुढे जा, बहुतेक वेळा तो पर्याय तिथेच दिसतो.